घरची वायर, घरचं नेट

गेल्या अंकात वायफायच्या उत्तराच्या शेवटी मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो: घरातल्या लाइटच्या वायरीतूनही नेट नेता येतं, बोर्डात लावायच्या दोन डब्यांनी (पॉवरलाइन अडॅप्टर). त्या एका ओळीनं माझा महिना खाल्ला. पत्रं आली, फोन आले. आर्वीच्या बाजारात वांगी निवडताना एका गृहस्थानं हात धरून विचारलं, "वायरीतून नेट नेल्यावर लाइट बिल वाढते का हो?" नाही वाढत, भाऊ. डबा दोन-चार वॅट खातो, झिरोचा बल्ब त्याहून जास्त खातो. बाकीच्या प्रश्नांतले काही खाली घेतले आहेत.

आमचा वाडा जुना, दोन चौकांचा. भिंती मातीच्या, दीड हात जाड. फायबरचं राउटर ओसरीत आहे. मुलगी बारावीला आहे, ती मागच्या माडीवर अभ्यास करते. तिथं वायफायची एक काडी येत नाही. व्हिडिओ पाहायला ती ओसरीत येऊन बसते आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा तिलाच करावा लागतो. केबल ओढायची तर भिंतीला भोक पाडावं लागेल, आणि आमचे मोठे बाबा भिंतीला हात लावू देत नाहीत. लाइटच्या वायरीतून खरंच जमेल का? दुकानात पाहिलेल्या डब्यावर ६०० एमबीपीएस लिहिलं आहे.
– एक संत्रा बागायतदार, ता. वरुड

जमेल. ६०० मात्र विसरा.

आधी हे होतं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढची अर्धी भानगड तुम्हीच सोडवाल. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. हे डबे त्याच तांब्यावर सेकंदाला २० लाख ते २ कोटी ८० लाख हेलकाव्यांचा अगदी बारीक सिग्नल चढवतात. नव्या जातीचे त्याहूनही वर जातात. पांदणीनं कापसाची बंडी आपल्या चालीनं जात असते आणि त्याच पांदणीनं पोरगं सायकल काढून भुर्रकन निघून जातं, तसं. बंडीला पोराचं काही नाही, पोराला बंडीचं नाही. डब्याच्या आत एक कपॅसिटर असतो. तो ५० च्या विजेला अडवतो आणि वरच्या सिग्नलला वाट देतो.

यात नवीन फारसं काही नाही. मी ३१ वर्षं वीज मंडळात काढली, त्यातली बहुतेक १३२ केव्हीच्या उपकेंद्रात. आमच्याकडं बाहेरचा फोन महिना महिना मुका असायचा, पण नागपूरला अंबाझरीच्या लोड डिस्पॅचशी, म्हणजे वीज कुठं किती सोडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोल रूमशी, आम्ही रोज बोलायचो. कशावरून? त्याच १३२ केव्हीच्या तारेवरून. पीएलसीसी (पॉवर लाइन कॅरियर कम्युनिकेशन) म्हणायचे त्याला. ४० ते ५०० किलोहर्ट्झच्या मधला सिग्नल, आणि तो उपकेंद्राच्या आत घुसून वाया जाऊ नये म्हणून लाइनच्या तोंडाशी पिंपाएवढं एक वेटोळं टांगलेलं. वेव्ह ट्रॅप. अजूनही मोठ्या उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर उभं राहून वर पाहिलं तर दिसतं. पावसाळ्यात त्या फोनवर असा खरखराट व्हायचा की पलीकडचा माणूस तळलेल्या मिरच्यांतून बोलतोय असं वाटावं. ती खरखर ध्यानात ठेवा, तुमच्या माडीवर तीच येणार आहे.

डबे दोन लागतात. एक राउटरच्या जवळच्या बोर्डात, त्यातून हातभर नेटची केबल राउटरला. दुसरा माडीवरच्या बोर्डात. माडीवरचा डबा वायफायवाला घ्या, म्हणजे मुलीचा मोबाइलही चालेल. दोघांवर जोडणीचं बटण असतं. आधी एकाचं दाबायचं, मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं.

आता तो ६०० चा, म्हणजे नेटच्या वेगाचा, आकडा. तो डब्याच्या आतल्या जुळणीचा, जाण्याचा आणि येण्याचा मिळून, आदर्श वायरीवरचा आकडा आहे. त्यातलं निम्मंही कधी हाती येत नाही. शिवाय डब्याच्या बुडाशी नेटची जी खाच असते ती ६०० वाल्या बहुतेक डब्यांना १०० चीच बसवलेली असते. विहिरीला पाणी कितीही असो, पाइप दोन इंचीच. घेताना खाच 'गिगाबिट' आहे का एवढं विचारा. दुकानदार अडखळला तर नाही असं समजा. पण खरं सांगू? तुमच्या मुलीला व्हिडिओ पाहायला १० सुद्धा पुरे. माझ्या घरी मागच्या खोलीत ४० च्या आसपास मिळतं आणि नातू त्यावर क्रिकेट पाहतो, अभ्यासाचं मी बोलत नाही.

हे ४० मिळायच्या आधी काय झालं ते सांगायलाच हवं. आमचं घर धाब्याचं. वायरिंग माझ्याच हातचं, नोकरीला नवा असताना केलेलं. लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमची वायर. डबे लावले तर मागच्या खोलीत ९. सकाळी ९, रात्री ५. दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, पण मग वाटलं, आपण आयुष्यभर लोकांच्या लाइनी तपासल्या, स्वतःची कधी तपासली? शिडी लावली. कोठीच्या खोलीत वर एक जॉइंट होता, पिळा मारून टेप गुंडाळलेला. टेप सोडली तर आत पांढरी भुकटी आणि काळं पडलेलं तांबं. ॲल्युमिनियमला तांब्याचा पिळा मी मारला होता, मीच! हात लावला तर जॉइंट कोमट. आणि त्याच्या खाली भाव येईल म्हणून थांबवून ठेवलेला कापूस, छताला टेकेल इतका. नेटचं मी विसरलो. पोराला हाक मारली, आधी मेन पाडायला लावलं आणि त्याच संध्याकाळी तो सगळा भाग तांब्याच्या वायरीनं, कनेक्टर घालून नवा केला. नेट ९ चं ३५ झालं. ते नंतर कळलं.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे, की डबे आणण्याआधी चौकापासून माडीपर्यंतचे जॉइंट लायसनवाल्या वायरमनकडून उघडून पाहून घ्या. किटकॅट फ्यूज असतील तर त्यांच्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या आहेत का, तेही. सिग्नलला खराब जॉइंट आवडत नाही आणि आगीला फार आवडतो.

दुसरं, डबा सरळ भिंतीच्या बोर्डात. स्पाइक गार्डमध्ये लावाल तर त्यातला फिल्टर सिग्नल गिळून टाकतो. गार्डचं कामच ते आहे, त्याला काय माहीत हा सिग्नल तुमचा आहे म्हणून. काही डब्यांची पिन परदेशी, गोल आणि जाड असते, ती आपल्या बोर्डात हलते. कन्व्हर्टर लावण्यापेक्षा आपली पिन असलेला डबा शोधा.

तिसरं म्हणजे शेजार. डब्याच्या बोर्डातच स्वस्तातला मोबाइल चार्जर लावू नका. मिक्सर चालू झाला की त्याच्या कार्बनमधून ठिणग्या उडतात आणि नेट तेवढा वेळ धापा टाकतं. चटणी झाली की परत येतं. कूलरच्या पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो मात्र दिवसभर कुरकुरतो, आणि आपल्याकडं मार्चपासून कूलर बंद कुठं होतो? माडीवर कूलरचा बोर्ड आणि डब्याचा बोर्ड वेगळा ठेवा.

अर्थिंगचंही थोडं. नव्या जातीचे डबे फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थची तारही वापरतात आणि त्यावर जास्त वेग काढतात. जुन्या वाड्यात तिसरी तार बहुधा नसतेच, बोर्डाला तीन भोकं असतात पण वरचं भोक आतून रिकामं. तसं असेल तर महागाचा डबा घेऊन उपयोग नाही, तो दोन तारांवरच चालेल. तार असेल तर अर्थिंगचा खड्डा पाहा. आपल्या काळ्या जमिनीला एप्रिलमध्ये पाय जाईल अशा भेगा पडतात, मग खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या प्लेटला माती चिकटून राहील कशी? उन्हाळाभर दोन-चार दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. हे मी नेटसाठी सांगत नाही.

घेण्याआधी कोणाकडून तरी जोडी एक दिवस मागून आणा. दोन्ही डबे आधी ओसरीतच शेजारशेजारच्या बोर्डांत लावून वेग बघा, मग एक उचलून एकेक बोर्ड मागं नेत जा. कुठं एकदम पडतो ते दिसेल. त्या जागेच्या अलीकडं-पलीकडंच दुखणं आहे.

आणि मोठ्या बाबांना विचारून पाहा, चौकावरून, पन्हाळीच्या कडेनं पाइपातून नेटची केबल नेली तर चालेल का? भिंत फोडायची नाही, खिडकीच्या चौकटीतून आत घ्यायची. १०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते. ते 'हो' म्हणाले तर हे डबे घेऊच नका.

रोज संध्याकाळी सात-साडेसातला मागच्या घरातलं नेट बंद पडते. सकाळी आपोआप सुरू. दुकानदारानं डबा बदलून दिला, तरी तेच. कोणी म्हणते करणी आहे. काय समजावं?
– एक शिक्षिका, ता. समुद्रपूर

ताई, तुमच्या पत्रात कनेक्शन थ्री फेज आहे एवढंच होतं, म्हणून मी फोन केला. डब्याबद्दल मी काहीच विचारलं नाही, आठवतं? एवढंच विचारलं की संध्याकाळी मीटरजवळ कोण जातं. तुम्ही म्हणालात, "आमचे सासरे जातात, रोज. समोरचा पंखा हळू फिरून राह्यला म्हणतात, अन् चेंजओव्हर फिरवतात."

हीच ती करणी.

संध्याकाळी गावात सगळीकडं दिवे, टीव्ही, मोटारी लागतात आणि एखाद्या फेजवर व्होल्टेज बसतं. ज्याच्याकडं तीन फेज आहेत तो चेंजओव्हरचा स्विच फिरवून आपल्या समोरच्या खोल्या बऱ्या फेजवर टाकतो. दिवसा तुमचं समोरचं आणि मागचं घर एकाच फेजवर, म्हणून दोन डबे एकमेकांना ऐकतात. सातनंतर समोरचं दुसऱ्या फेजवर. आता एका डब्याचा आवाज दुसऱ्याकडं जायचा तर त्याला डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जाऊन परत यावं लागेल, किंवा शेजारी शेजारी धावणाऱ्या वायरींतून थोडासा पाझरावं लागेल. काही घरांत तो पाझर पुरतो. तुमच्याकडं पुरत नाही.

खात्री करायची तर वायरमनला सांगा. दोन बल्ब सिरीजमध्ये असलेला टेस्ट लॅम्प घेऊन समोरच्या बोर्डाच्या फेजवर एक टोक आणि मागच्या बोर्डाच्या फेजवर दुसरं. बल्ब लागले नाहीत तर फेज एकच, लागले तर वेगळे. दोनच बल्ब का, हे ज्या वायरमनला माहीत नाही त्याच्याकडून हे करवून घेऊ नका. दोन फेजमध्ये ४०० च्या वर व्होल्ट असतात, एकटा बल्ब तोंडावर फुटतो. तुम्ही स्वतः तर अजिबात करू नका.

उपाय: राउटरचा बोर्ड आणि मागच्या खोलीतला डब्याचा बोर्ड एकाच एमसीबीवर आणून घ्या. सासऱ्यांनी चेंजओव्हर कितीही फिरवला तरी दोघं एकत्रच फिरतील. दोन फेजमध्ये सिग्नलपुरता पूल बांधणारा फेज कपलर मिळतो म्हणतात ते खरं आहे, पण आपल्या तालुक्याच्या दुकानात तो मागितला तर माणूस तुमच्याकडं पाहत राहील. आणि एमसीबीपासून वेगळी वायर ओढावी लागणारच असेल तर ती लाइटची कशाला ओढता, नेटचीच केबल ओढा ना. फक्त लाइटच्या पाइपातून नको, तिचा पाइप वेगळा.

सासऱ्यांना मात्र बोलू नका. पंखा हळू झालेला त्यांच्या लक्षात येतो, हे घरात एखाद्याला तरी जमायला हवं.

लाइट गेली की नेट जाते. राउटर इन्व्हर्टरवर आहे, मागचा डबाही इन्व्हर्टरवर घेतला, तरी जाते.
– एक किराणा दुकानदार, ता. दर्यापूर

राउटर इन्व्हर्टरवर आहे, मागचा डबा आहे. राउटरजवळचा डबा कुठं लावला आहे ते लिहिलं नाहीत. बहुधा तो साध्या बोर्डात राहिला असेल. लाइट असते तेव्हा इन्व्हर्टर मेनची वीज तशीच पुढं सोडतो, सिग्नलही कसाबसा जातो. लाइट गेली की आतला रिले उडतो आणि साधी आणि इन्व्हर्टरची, या दोन लाइनी एकमेकींपासून तुटतात. त्या साध्या बोर्डातला डबा तर विझतोच. दोन्ही डबे इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्या. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याची घरघर सिग्नलमध्ये मिसळून वेग पडेल. पंखाही घूं घूं करत असेल ना? मग तोच आहे.

पुण्याच्या भाच्यानं त्याच्याकडची जुनी जोडी दिली. एक डबा बिघडला म्हणून नवा घेतला. दोघांचं जुळतच नाही.
– एक वाचक, ता. हिंगणघाट

जुळणार नाही. होमप्लग म्हणजे डब्यांनी एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचं त्याचा नियम. पहिला २००१ चा, १४ एमबीपीएसचा. दुसरा, होमप्लग एव्ही, २००५ चा, २०० चा. हे दोन एका वायरीवर एकमेकांना त्रास न देता राहू शकतात, पण बोलत नाहीत, भाऊबंदकीतल्या दोन घरांसारखे. एव्ही आणि त्याच्या पुढचा एव्ही-२ हे मात्र बोलतात. जी-डॉट-एचएन नावाची तिसरी जात आहे, तिचं होमप्लगशी पटत नाही. भाच्याच्या डब्याच्या पाठीवर कुठला शिक्का आहे तो वाचा. एव्ही नसेल तर ती जोडी पोळ्याला तोरणात लावा.

डब्याचा शॉक लागतो का? आणि शेजारच्याला आमचं नेट त्याच्या घरातल्या बोर्डातून घेता येते का?
– एक वाचक, ता. दारव्हा

शॉक बोर्डाचा लागतो तेवढाच, डब्यामुळं वेगळा नाही. काळजी विजेची घ्या, आभाळातल्या. डबा स्पाइक गार्डशिवाय उघडा बसलेला असतो आणि त्याला राउटर जोडलेलं असतं, म्हणजे लाइनवर पडलेला झटका थेट राउटरच्या पोटात. मृगाच्या आधी संध्याकाळचं आभाळ काळं झालं की दोन्ही डबे काढून ठेवायचे. माझी एक जोडी तशीच गेली. मी तेव्हा छतावरची तूर आवरत होतो.

शेजाऱ्याचं म्हणाल तर, मीटर हा सिग्नलला पक्का बांध नाही. एकाच डीपीवर, एकाच फेजवर असाल तर थोडा पाझरतो. पण एव्ही जातीच्या डब्यांत सगळं १२८ बिटच्या कुलपात जातं. घोटाळा एवढाच की कारखान्यातून येताना सगळ्यांची किल्ली एकच असते. जोडणीचं बटण न दाबता, लावल्या लावल्या चाललं म्हणून तसंच सोडलं आणि शेजाऱ्यानंही तसंच सोडलं, तर तुमचं एकत्र कुटुंब झालं म्हणा. बटण दाबा, नवी किल्ली तयार होते.

शेत घरापासून दोन किलोमीटर. विहिरीवर मोटारीची लाइन आहेच. रानडुकरं पाहायला तिथं कॅमेरा लावून मोटारीच्या वायरीनं घरी दिसेल का?
– एक शेतकरी, ता. सिंदेवाही

नाही. घर गावठाणच्या फीडरवर, मोटार शेतीच्या फीडरवर, दोघांच्या डीपी वेगळ्या. तुमचा सिग्नल पहिल्या डीपीच्या वेटोळ्यातच मरतो. ११ केव्हीची मोठी लाइन ओलांडून दुसऱ्या डीपीतून उतरणं त्याच्यानं होणार नाही. डब्यावर ३०० मीटर लिहिलेलं असतं तेही वायरीची लांबी धरून, सरळ रेषेत नाही. शिवाय शेतीच्या लाइनला ठरावीक तासच वीज. डुक्कर वेळापत्रक पाहून येत नाही.

सिमकार्डचा सोलर कॅमेरा लावा. किंवा घराच्या गच्चीवरून विहीर डोळ्यांना दिसत असेल, मध्ये कडुनिंब-आंबा नसेल, तर दोन टोकांना दोन लहान ॲन्टेना लावून वायफायचा पूल बांधता येतो. गोठा घराच्या मागंच आहे आणि घरच्याच मीटरवर आहे, अशांना मात्र हे डबे चांगले. गाय व्यायला झाली की रात्री कंदील घेऊन चार वेळा उठावं लागत नाही.

डबे लावल्यापासून रेडिओ खरखरतो. मी रोज सकाळी नागपूर केंद्र ऐकते. नातवाला सांगितलं तर तो म्हणते, आजी, मोबाइलवर ऐक.
– एक आजी, ता. मोर्शी

आजी, नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं. हे डबे २००० किलोहर्ट्झच्या वर बोलतात, तुमच्या पट्ट्याच्या बाहेर. शॉर्टवेव्ह ऐकत असता तर मी डब्यालाच धरलं असतं. तरी दोन्ही डबे काढून रेडिओ लावून बघा. खरखर राहिली तर घरातले एलईडी बल्ब एकेक बंद करत जा, डबे आले त्याच सुमारास कोणीतरी स्वस्तातले बल्बही आणले असतील. सापडला की तो बल्ब नातवाच्या खोलीत लावा, आणि रेडिओ सेलवर चालवून खिडकीत ठेवा.